सँडी कोफॅक्स : तिशीत थांबलेला डावखुरा

दक्षिणकाठ (धागाकर्ता)

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. इथे क्रिकेटवर शेकड्यांनी धागे आहेत, टेनिसवर आहेत, बुद्धिबळावर आहेत. बेसबॉल शोधलं तर हाती काही लागत नाही. मी वीस वर्षं लॉस एंजेलिसजवळ राहतो आहे. पहिली दोन-तीन वर्षं मलाही हा खेळ म्हणजे फुलटॉसवर बॅट फिरवणं एवढाच वाटायचा. मग ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर स्टेडियम, नववी इनिंग, समालोचक विन स्कली. तेव्हापासून डॉजर्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सँडी कोफॅक्स याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

आधी तो सामनाच सांगतो. शिकागो कब्जचे २७ बॅटर आले आणि २७ही परत गेले. एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात. १४ जणांना कोफॅक्सने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, त्यात शेवटचे सहा ओळीने. पण मला जीव लागतो तो समोरच्या पिचरचा, बॉब हेंडलीचा. त्याने अख्ख्या सामन्यात एकच हिट (बॅटर चेंडू मारून बेसवर पोचतो तो फटका) दिला, आणि डॉजर्सची एकुलती एक धाव त्या हिटवर आलीच नाही. लू जॉन्सनला चार चेंडू बाहेर पडल्यामुळे पहिला बेस मिळाला, सहकाऱ्याच्या बंटवर (बॅटने चेंडू नुसता हळूच अडवणं) तो दुसऱ्यावर सरकला, तिसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता गाठायला, धावला, कॅचरची फेक चुकली आणि तो घरी पोचला. १-०. दोन्ही संघ मिळून त्या रात्री बेसवर उभा राहिलेला माणूस एकच, हा जॉन्सन. कोफॅक्सला एक चूकही परवडणारी नव्हती आणि त्याने ती केली नाही.

आता माणूस. जन्म ३० डिसेंबर १९३५, ब्रुकलिन. पहिलं प्रेम बास्केटबॉल, त्याच जोरावर सिनसिनाटी विद्यापीठात गेला. ब्रुकलिन डॉजर्सनी (हाच संघ पुढे लॉस एंजेलिसला आला) त्याला १४,००० डॉलर बोनस देऊन घेतलं आणि तिथेच त्याचं नुकसान झालं. तेव्हा नियम असा होता की ४,००० डॉलरवर बोनस दिलेल्या पोराला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं. म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा खालच्या लीगमध्ये सामने खेळून शिकण्याऐवजी बाकावर बसून मोठ्यांचा खेळ बघत राहिला. मध्येच कधीतरी चेंडू हातात यायचा, तो जीव खाऊन टाकायचा, चेंडू कुठेही जायचा. पहिल्या सहा मोसमांत ३६ विजय, ४० पराभव. १९६० संपल्यावर त्याने आपलं सामान कचऱ्यात टाकलं होतं. ड्रेसिंग रूम सांभाळणाऱ्या नोबे कावानोने ते उचलून ठेवलं.

१९६१च्या वसंतातल्या एका सराव सामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, इतका जोर लावू नकोस, जरा सैल सोड. ऐकायला किती साधं आहे. जोर कमी केल्यावर त्याच्या लक्षात आलं की वेग तेवढाच राहतोय आणि चेंडू मात्र हवा तिथे पडतोय. त्या वर्षी २६९ स्ट्राइकआउट, नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी डॉजर्सची लीग) १९०३पासूनचा विक्रम मोडला.

पुढची पाच वर्षं, १९६२ ते १९६६. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या सरासरी धावा, जितका कमी तितका चांगला. पाचही वर्षं लीगमध्ये सर्वांत कमी त्याचाच : २.५४, १.८८, १.७४, २.०४, १.७३. एकूण १११ विजय, ३४ पराभव. १९६२, ६३, ६४ आणि ६५, दर वर्षी एक नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता काढलेला सामना. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा, तिन्ही वेळा एकमताने, तोही दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार असण्याच्या काळात.

आणि १८ नोव्हेंबर १९६६ रोजी, २७ विजयांचा मोसम संपवून महिना-दीड महिना झाला असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. डाव्या कोपराला संधिवात होता. तो म्हणाला त्याचा आशय असा, की खेळानंतर पुष्कळ आयुष्य उरलंय आणि ते मला पूर्ण शरीरानिशी जगायचंय.

कारकिर्दीत एकूण विजय १६५. बेसबॉलमध्ये तीनशे विजयांवाले पिचर आहेत, त्यांच्यापुढे हा आकडा किरकोळ दिसतो. माझं म्हणणं असं, की हा आकडा १६५वर का थांबला ते समजल्याशिवाय कोफॅक्स समजत नाही. तो हात वापरून वापरून संपवला जात होता, आणि पुरता संपायच्या आत मालकाने, म्हणजे ज्याच्या खांद्याला तो होता त्याने, तो काढून घेतला. यावर बोलायला आवडेल.

---

चैत्रपालवी

काय सुंदर लिहिलंय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना शेवटपर्यंत वाचलं. एक विचारते : कोफॅक्स धार्मिक कारणामुळे एका मोठ्या सामन्याला उतरला नव्हता असं कुठेतरी वाचलं होतं. तो हाच का?

---

दक्षिणकाठ (धागाकर्ता)

हो, हाच. १९६५ची वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका), पहिला सामना ६ ऑक्टोबरला, मिनेसोटात. त्या दिवशी योम किपूर होता, ज्यूंचा उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातला सर्वांत पवित्र. कोफॅक्स फारसा कर्मठ नव्हता, तरी तो उतरला नाही. भाषण नाही, निवेदन नाही. त्याच्या जागी डॉन ड्राइसडेल उतरला, त्याची धुलाई झाली आणि डॉजर्स ८-२ने हरले.

मला ध्वनिमुद्रण ऐकवणारे सहकारी ज्यू होते. तेव्हा ते शाळकरी होते. ते म्हणायचे, आमच्या घरातल्या मोठ्यांना बेसबॉल कळत नव्हता, पण त्या आठवड्यात प्रत्येक जण कोफॅक्सचं नाव घेत होता. युरोपातल्या संहाराला तेव्हा वीसच वर्षं झाली होती. देशातला सर्वांत मोठा खेळाडू सर्वांत मोठ्या सामन्याच्या दिवशी शांतपणे सांगतो की आज माझा सण आहे. हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही बदलायचा.

पुढचं ऐका. दुसरा सामना कोफॅक्स हरला. पाचवा ७-०ने जिंकला. मग दोन दिवसांच्या विश्रांतीवर सातवा आणि निर्णायक सामना, १४ ऑक्टोबर. त्या दिवशी त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, पडतच नव्हता. त्याने जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर सामना काढला. तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, २-०. समोरच्या बॅटरला काय येणार ते ठाऊक आणि तरीही काही करता येत नाही!

---

अश्मक

लेख आवडला, पण आकड्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, त्या काळात १५ इंच असायचा. १९६३मध्ये स्ट्राइक झोन, म्हणजे न मारलेला चेंडू ज्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक धरतात तो, मोठा केला, खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. अख्खी पाच-सहा वर्षं पिचरांची चंगळ होती. १९६८मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ आला, तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि १९६९पासून माउंड १० इंचांवर आणला, झोनही लहान केला. शिवाय डॉजर स्टेडियम हे पिचरांचं माहेरघर. तिथे कोफॅक्सचा कारकिर्दीतला ईआरए १.३७ आहे! त्याआधी डॉजर्स कोलिसियममध्ये खेळायचे, तिथे डाव्या बाजूची सीमा अवघी २५१ फुटांवर होती आणि तिथे त्याचे आकडे अगदी साधारण आहेत. मग हा महान झाला १९६२मध्ये, की डॉजर्सनी मैदान बदललं १९६२मध्ये?

---

दक्षिणकाठ (धागाकर्ता)

अश्मक, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो लेखात घ्यायला हवा होता. मैदानाचा फायदा झाला, निर्विवाद. १.७३ हा आकडा आजच्या १.७३च्या शेजारी ठेवू नये.

पण दोन गोष्टी. एक, १९६६मध्ये बाहेरच्या मैदानांवरही त्याचा ईआरए दोनच्या आत आहे. दुसरी, माउंड आणि झोन सगळ्यांनाच तेवढे होते. १९६५मध्ये त्याने ३८२ स्ट्राइकआउट केले. त्याआधीचा आधुनिक विक्रम रूब वॅडेलचा, १९०४मधला ३४९. कोफॅक्सचा विक्रम १९७३मध्ये नोलन रायनने मोडला, तो एकाच स्ट्राइकआउटने, ३८३. कारकिर्दीत २,३२४ इनिंग आणि २,३९६ स्ट्राइकआउट, म्हणजे दर इनिंगला एकाहून जास्त. त्या पिढीत बॅटर स्ट्राइकआउट होण्याला लाज मानायचे, चेंडूला कशीबशी बॅट लावायचे. त्या बॅटरांविरुद्धचे हे आकडे आहेत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर : १९६१मध्येच झाला, कोलिसियममध्ये खेळत असतानाच. मैदानाने नंतर त्यावर कळस चढवला.

---

अश्मक

१९६१चं मान्य. स्ट्राइकआउटला मैदान लागत नाही, हेही मान्य. ईआरएवरचा माझा आक्षेप मात्र ठेवतो.

---

मंद्रसप्तक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचेच खांदे-कोपरं दिवसभर हातात असतात. म्हणून हाताबद्दल लिहिते.

क्रिकेटमध्ये गोलंदाज कोपर ताठ ठेवून हात फिरवतो. पिचर कोपर वाकवतो, हात मागे नेतो आणि सेकंदाच्या लहानशा अंशात तो सरळ करतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू ताणली जाते, तिथला अस्थिबंध तुटायला येतो, आणि बाहेरच्या बाजूची हाडं एकमेकांवर दाबली जातात. हे एका सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा. कूर्चा झिजते, हाडाला टोकं फुटतात, सांध्यात पाणी भरतं.

कोफॅक्सच्या बाबतीत ऑगस्ट १९६४मध्ये तो दुसऱ्या बेसकडे परत झेपावताना कोपरावर आपटला, आणि मग एक्स-रेत सांध्याची खरी अवस्था दिसली. १९६५च्या वसंतात एक पूर्ण सामना टाकल्यावर त्याचा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा पडला होता. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी बजावलं की हा हात जाणार आहे. उपचार काय, तर सांध्यात कॉर्टिसोनची इंजेक्शनं. फिनाइलब्युटाझोनच्या गोळ्या, ज्या आज अमेरिकेत माणसांना देत नाहीत, घोड्यांना देतात. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जळजळीत मलम आणि सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात कोपर. यातलं काहीही झीज थांबवत नाही, दुखणं फक्त झाकतं. आणि झाकलेल्या दुखण्यावर त्याने १९६५मध्ये ३३५ इनिंग टाकल्या, १९६६मध्ये ३२३. दोन्ही वर्षी ४१ सामन्यांची सुरुवात केली, त्यातले २७ शेवटपर्यंत एकट्याने टाकले. त्याचा डावा हात सरळ होईनासा झाला होता, कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागायची.

हे वाचताना मला राग येतो. पेशंट म्हणून हा माणूस माझ्यासमोर आला असता तर १९६४मध्येच थांब म्हणाले असते.

आणखी एक. केर्लन यांचे भागीदार डॉ. फ्रँक जोब. त्यांनी सप्टेंबर १९७४मध्ये डॉजर्सच्याच टॉमी जॉनचा फाटलेला अस्थिबंध बदलला, उजव्या हाताचा कंडरा काढून डाव्या कोपरात ओवला. कोफॅक्स थांबल्यानंतर आठच वर्षांनी, त्याच शहरात, त्याच संघात. टॉमी जॉन १९७६मध्ये परत आला आणि त्या शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. कोफॅक्सच्या आख्ख्या कारकिर्दीत १६५. कोफॅक्सचा मुख्य आजार संधिवाताचा, त्यामुळे दोन्ही कोपरं सारखी नव्हेत. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझ्या पोटात कालवतं.

---

सायली_एडिसन

मंद्रसप्तक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये (लहान मुलांची बेसबॉल लीग) पिचिंग करतो आणि चांगलं करतो. म्हणूनच प्रशिक्षकांना सारखा तोच हवा असतो. परवा शनिवारी त्याने ६८ चेंडू टाकले. येत्या मंगळवारी दुसऱ्या एका संघाकडून, जो लीगच्या बाहेरचा आहे, पुन्हा पिचिंग कर असं सांगितलंय. मुलगा म्हणतो दुखत नाही. काल रात्री मात्र डाव्या हाताने जेवत होता, तो उजवा आहे. मी विचारलं तर म्हणाला असंच.

---

मंद्रसप्तक

सायली, मंगळवारी अजिबात नको. लिटल लीगचा नियमच सांगतो की त्याच्या वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर मध्ये पूर्ण चार दिवस विश्रांती. दुसरा संघ वेगळा असला तरी कोपर एकच आहे. या वयात हाडाची वाढीची चकती उघडी असते, कोपराच्या आतल्या बाजूला ताण तिथेच बसतो. दाबून दुखतंय का बघा आणि दुखत असो-नसो, लहान मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. डाव्या हाताने जेवणं ही छोटी गोष्ट समजू नका.

---

खडूची_रेघ

हाताबरोबर पैशाचंही बोलायला हवं, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे. त्या काळी करारात राखीव कलम असायचं. खेळाडूचा करार संपला तरी तो त्याच संघाला बांधलेला. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणजे भाव ठरवणार मालक. १९६६च्या वसंतात कोफॅक्स आणि ड्राइसडेल यांनी एकत्र अडून बसायचं ठरवलं. दोघांना मिळून तीन वर्षांचे दहा लाख डॉलर, आणि एकाला नाही म्हणालात तर दुसराही येणार नाही. महिनाभर दोघे सरावाला गेले नाहीत. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्राइसडेलला १,१०,००० डॉलर, एका वर्षासाठी.

मागणीच्या मानाने कमी मिळालं. पण वकील म्हणून मला यातली खरी ताकद दिसते ती दोघांनी मिळून बोलण्यात. त्याच वसंतात पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. १९७५च्या डिसेंबरात लवादाने राखीव कलमाचा फास सोडवला, तो खटला लढवणाऱ्या दोघांपैकी अँडी मेसरस्मिथ पुन्हा डॉजर्सचाच पिचर. कोफॅक्सला स्वतःला याचा एक डॉलरही मिळाला नाही.

ज्या कंपनीला माहीत आहे की हा हात दोन वर्षांत जाणार आणि हात ज्याचा आहे त्याला नोकरी बदलता येत नाही, ती कंपनी हाताची काळजी कशाला घेईल?

---

मुळाकाठचा

मला विजय मर्चंट म्हणायचे असं सांगतात ते आठवलं : लोकांनी 'का थांबलास' विचारावं तेव्हा थांबावं, 'का थांबत नाहीस' विचारायची वेळ आणू नये. कोफॅक्सने तेच केलं. शिखरावरून उतरला. याहून डौलदार निवृत्ती खेळाच्या इतिहासात क्वचितच असेल.

---

दक्षिणकाठ (धागाकर्ता)

मुळाकाठचा, मला इथे मतभेद नोंदवायचा आहे. लोकांनी 'का' विचारलं हे खरं. पण डौलासाठी तो थांबला नाही. १९६६च्या २ ऑक्टोबरला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, फिलाडेल्फियात, पुन्हा दोनच दिवसांच्या विश्रांतीवर त्याला टाकावं लागलं तेव्हा डॉजर्सनी लीग जिंकली. चार दिवसांनी वर्ल्ड सिरीजमध्ये विली डेव्हिसच्या हातून एकाच इनिंगमध्ये तीन चुका झाल्या आणि कोफॅक्स आपला शेवटचा सामना हरला. शिखर वगैरे आपण नंतर रचलेली गोष्ट आहे. त्याच्यापुढे कंगवा धरता येईल असा हात ठेवायचा की आणखी एक मोसम, एवढाच हिशेब होता. त्याने खरं तेच सांगितलं, आणि म्हणून मला ते मोठं वाटतं.

१९७२मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला, ३६व्या वर्षी, आजवरचा सर्वांत तरुण. त्याच वर्षी डॉजर्सनी त्याचा ३२ क्रमांक निवृत्त केला, जॅकी रॉबिन्सनच्या ४२ आणि रॉय कॅम्पानेलाच्या ३९ बरोबर, एकाच दिवशी. नंतर बरीच वर्षं त्याने डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या पोरांना पिचिंग शिकवलं. ज्या शिकवणीला तो स्वतः मुकला होता, नेमकी तीच.

---

रात्रपाळी_एलए

गेल्या वर्ल्ड सिरीजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०२५, डॉजर्स विरुद्ध टोरंटो. योशिनोबू यामामोटोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा येऊन अडीच इनिंगहून जास्त टाकल्या. ११ इनिंगनंतर ५-४. आमच्या घरात सगळे उभे राहून ओरडत होतो. हा धागा वाचल्यावर वाटतंय, तेव्हा मला त्याच्या हाताची काळजी का वाटली नाही?

---

मंद्रसप्तक

मी त्या रात्री ओरडत होते आणि काळजीही करत होते. फरक एवढा की यामामोटोचा हात मोसमभर मोजून-मापून वापरलेला असतो. कोफॅक्सचा सातवा सामना त्या वर्षीच्या साडेतीनशे इनिंगच्या वर आला होता.

---

सायली_एडिसन

सगळ्यांना सांगायचं राहिलं. डॉक्टरांना दाखवलं. वाढीच्या चकतीला सूज आहे, तुटलेलं काही नाही. सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद. प्रशिक्षक थोडे नाराज झाले, पण मी या वेळी विचारलं नाही, कळवलं. मुलगा पहिले दोन दिवस बोलला नाही. मग मी त्याला नववी इनिंग ऐकवली, विन स्कलीची. आता रोज रात्री ऐकतो. त्याचा प्रश्न आहे : शेवटचा बॅटर हार्वी क्यून, तो नंतर कोणाला काय म्हणाला असेल?

---

दक्षिणकाठ (धागाकर्ता)

त्याला सांगा, काय म्हणाला असेल ते नाही सांगता येणार, पण हे सांगता येईल : १९६३च्या मे महिन्यात कोफॅक्सने जायंट्सविरुद्ध नो-हिटर टाकला होता. त्या सामन्यातही शेवटचा बॅटर हार्वी क्यूनच होता.